विद्या विकते म्हणणाऱ्यांना, आणि धंदा शोधणाऱ्या मुलांना



जरा लांब लिहितेय, सवडीने वाचा. गेल्या काही महिन्यांत आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतली चार-पाच मुलं-मुली एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. "काकू, नोकरी आहे, पण जोडीला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. कुठला विषय धरू? कशात पैसा आहे?" मी जुने मोडी कागद वाचून देते आणि त्याचे पैसे घेते हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून मला विचारतात. याच सुमारास मंडळातल्या एका ज्येष्ठांनी चारचौघांत मला सुनावलं, "वहिनी, तुम्ही विद्येचा बाजार मांडलात." मुलांचा प्रश्न आणि ज्येष्ठांचा आक्षेप, दोन्हीचं मूळ एकाच जागी आहे असं माझं मत आहे.

आधी मुलांचं. त्यांच्या याद्या मी पाहिल्या. रेसिपी, प्रवास, शेअर बाजार, व्यक्तिमत्त्व विकास. का, तर "यात खूप लोक कमावतात." अरे, खूप लोक कमावतात म्हणजेच खूप लोक आधीपासून बसलेत ना तिथे! साबुदाण्याची खिचडी कशी करायची हे सांगणारी तू कितवी? तुझी खिचडी उत्तम असेलही, पण लोकांनी तुझ्याकडेच का यावं, याचं उत्तर तुझ्याजवळ नाही.

शेजारच्या गुजराती बेनना मी मोडी वाचते म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एमां कमाणी शुं?" आपल्याकडे हा प्रश्न असभ्य वाटतो. मला तो फार उपयोगाचा वाटला. त्याचे मी माझ्यापुरते तीन तुकडे केले. विषय कुठलाही असो, हे तीन प्रश्न लावून बघा.

पहिला: ही गोष्ट लोकांना आवडते, की लोकांना लागते? इतिहास सगळ्यांना आवडतो. शिवाजी महाराजांवर बोलायला लागलं की माणसं जमतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. पण ज्याच्या आजोबांच्या ट्रंकेत गावच्या देवस्थान इनामाचा कागद आहे आणि चुलत्यांशी वाटणीचा वाद चाललाय, त्याला तो कागद वाचून हवाच असतो. आवडीला माणूस वेळ देतो, गरजेला पैसे देतो.

२०२३ साली हे सगळ्यांनी पाहिलं. मराठा-कुणबी नोंदी शोधायला महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जन्म-मृत्यूची कोतवाल बुकं, शाळांचे दाखल-खारीज, महसुली कागद बाहेर निघाले. समिती निजामकाळातल्या नोंदींसाठी हैदराबादपर्यंत गेली. कागद निघाले, पण त्यातले कितीतरी मोडीत. मग धावाधाव, मोडी वाचणारे आहेत कुठे? महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात, आणि जितकं मागे जाल तितकी मोडी भेटण्याची शक्यता जास्त. पोरीचा कॉलेज प्रवेश अडलेला असतो तेव्हा बाप "मोडी ही किती सुंदर लिपी" म्हणत बसत नाही. तो विचारतो, "ताई, यात आमच्या पणजोबांचं नाव आहे का, आणि नावापुढे काय लिहिलंय?"

दुसरा प्रश्न: हे काम आणखी किती जणांना येतं, आणि बाकीच्यांना ते शिकायचा कंटाळा का येतो? हा कंटाळा म्हणजेच आपलं कुंपण. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवत होते, पुढे बंद झाली. अक्षरं तशी महिन्या-दीड महिन्यात ओळखू येतात. पण जुन्या कागदात शब्द सुटे नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, एका रेघेला लटकलेली सलग साखळी असते. त्यातून प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं.

त्यापुढे खरी मजा. कागदावर तारीख असते "इहिदे सितैन मया व अलफ". हे काय, तर एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन १७६०-६१ येतं, पानिपताचं साल. "छ" म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तिथी. नुसतं "मौ" असेल तर मौजे. आणि "बिन" हे कुणाचं नाव नाही, "अमक्याचा मुलगा" असा त्याचा अर्थ. तो "बिन" चुकला की वंशावळीत बापाचा भाऊ होतो आणि अख्खं प्रकरण फसतं.

इथे मुलं म्हणतात, "काकू, हे आता मशीन करेल." आयआयटी रुरकीच्या मंडळींनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारं मॉडेल केलंय, मला आनंदच आहे. उद्या ते माझं अर्धं काम करेल. पण लोक माझ्याकडे अक्षरांसाठी येत नाहीत. "हा कागद आमच्या कामाचा आहे का, कुठल्या कचेरीत चालेल, याच्यापुढचा कागद कुठे शोधायचा", हे विचारायला येतात. एका गृहस्थांनी पिशवीभर कागद आणले होते. त्यातले बहुतेक उधारीच्या याद्या आणि लग्नाची आमंत्रणं निघाली. एकच कामाचा होता. तो एक बाजूला काढून देणं, याचे पैसे त्यांनी आनंदाने दिले. म्हणून मुलांनो, तुमच्या विषयातली माहिती फुकट मिळत असेल तर घाबरू नका. माहितीच्या पुढची पायरी शोधा, जिथे माणसाला निर्णय घ्यायचा असतो.

तिसरा प्रश्न: एक काम झालं की दुसरं आपोआप येतं का? वाटणीचा कागद वाचून दिला की घरातली आत्या म्हणते, आता आपली वंशावळ करू या. मग कुलवृत्तांत निघतो, मग दुसऱ्या शाखेतले लोक फोन करतात. मी जाहिरात करत नाही. फोनवर फोटो येतात, नाशिकहून, ग्वाल्हेरहून, बेळगावहून. बडोद्यात बसून काम होतं. आणि खरं सांगते, काही महिन्यांत घरखर्चाचा मोठा भाग निघतो, काही महिने कोरडे जातात. कुणबी नोंदींची लाट कायम राहणार नाही. वाटण्या, देवस्थानं आणि आपली मुळं शोधणारी नातवंडं राहतील. नोकरी सोडा असं मी कुणालाही सांगत नाही.

मोडीच करा असंही नाही. मराठी पद्धतीचं श्राद्ध-पक्ष सांगणारे गुरुजी बडोद्यात शोधून बघा, तारीख मिळत नाही. मराठी आणि गुजराती दोन्ही कागद नीट वाचून भाषांतर करणारा माणूस वकिलांना हवा असतो. आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलो, घरात मराठी, दारात गुजराती. पुण्यातल्या मुलाला हे वीस वर्षं घालून मिळणार नाही, तुम्हाला फुकटात मिळालंय. आपली मिसळ या गावात सेव-उसळ झाली आणि त्यावर कितीतरी लाऱ्या चालतात. आपण मात्र रांगेत उभे राहून खातो आणि "मूळ आपलंच हो" म्हणतो.

आता ज्येष्ठांचा आक्षेप. विद्या विकू नये. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून नीट उत्तर देते.

आपली घरं इथे आली ती गायकवाडांच्या मागून, शिलेदार, कारकून, शास्त्री, मास्तर म्हणून. आपल्याला वाटतं की आपल्या पूर्वजांनी विद्या फुकट वाटली. फुकट नव्हती काका, पगार महाराज देत होते. रियासतकार सरदेसाई १८८९ साली सयाजीरावांच्या नोकरीत बडोद्याला आले. राजपुत्रांना शिकवता शिकवता केलेल्या टिपणांतून त्यांच्या रियासती उभ्या राहिल्या. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले, तेही सरकारी काम होतं. एवढी प्रचंड विद्या, पण मागे कुणीतरी खर्च उचलत होतं म्हणून झाली. १९४९ साली संस्थान विलीन झालं, तो खर्च उचलणारा गेला. आपण त्या जागी दुसरं काही उभं केलं नाही, नुसता "विद्या विकू नये" हा नियम तेवढा जपून ठेवला.

त्याचं काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझे सासरे तीस वर्षं लोकांचे मोडी कागद फुकट वाचून द्यायचे. खुंटीला पिशवी लटकलेली, त्यात लोकांचे कागद. लोक चहा पिऊन जायचे, "अण्णांसारखा माणूस नाही" म्हणायचे. त्यांना तीन मुलगे. एकही शिकला नाही. का शिकतील? बापाचे डोळे गेले आणि हातात आशीर्वाद आले, हे तिघांनी बघितलं होतं. शिकली ती सून, तेही त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी हट्टाने जवळ बसले म्हणून. ज्या विद्येवर पोट भरत नाही ती पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही. आमच्या गल्लीत एके काळी मोडी वाचणारे सहा-सात म्हातारे होते. आज कुणी नाही.

फुकट आणि माफ यात फरक आहे, हेही सांगते. कागद काय आहे एवढं बघून सांगायचे मी पैसे घेत नाही. पूर्ण लिप्यंतराचे पानाला पाचशे घेते, वाळवी लागलेला असेल तर जास्त. ज्याची परिस्थिती नाही त्याला माफ करते, आणि ते मी ठरवते. दर ठरलेला असतो म्हणून माफीला अर्थ असतो. एरवी मोटारीतून येणाराही म्हणतो, "वहिनी, जरा नजर टाका ना, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम." त्या पाच मिनिटांमागे माझी अकरा वर्षं आहेत.

म्हणून मुलांनो, "कशात पैसा आहे" हे बाहेर शोधायच्या आधी घरात शोधा. आजीला काय येतं जे आईला येत नाही? तुमच्या घरी लोक कुठल्या कामासाठी "जरा एवढं करून द्या" म्हणत येतात? जे काम तुमच्या घराकडून लोक वर्षानुवर्षं फुकट करून घेतायत, तिथे बहुतेक वेळा गरजही असते आणि करणारे कमीही असतात. कोपरा लहान असू दे. शंभर माणसांना तुमच्यावाचून अडत असेल तर लाखभर माणसांनी ओळखायची गरज नाही.

ज्यांना मोडीच शिकायचीय त्यांच्यासाठी मी शनिवारी दुपारी चार वाजता घरी असते. बोरू आणू नका, साधी पेन्सिल आणि आखीव वही पुरे. घरचा एखादा जुना कागद असेल तर त्याची झेरॉक्स आणा, मूळ कागद आणू नका.

आणि हो, शिकवणीची फी आहे.