अंतराळयानात आपले माणूस कोण असणार?

चळवळीतल्या माणसाने खेळाकडे गंभीरपणे पाहावे का? आमचे उत्तर स्पष्ट आहे : पाहिलेच पाहिजे. ज्या गोष्टीत आपली तरुण मुले रविवारचे चार-चार तास घालवतात, मनातल्या मनात दुसरे आयुष्य जगून पाहतात, ती गोष्ट ‘टाइमपास’ म्हणून सोडून देता येत नाही.

पिंपरीतल्या आमच्या वस्तीत आयटीआयची, डिप्लोमाची आणि चाकणच्या कंपन्यांत अप्रेंटिस लागलेली सात-आठ मुले-मुली अभ्यासिकेत जमून टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतात. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. जमले की फसले, हे फासे ठरवतात. ही मुले विज्ञानकथेतला खेळ खेळतात : अंतराळयान, परके ग्रह, दोन-तीनशे वर्षांनंतरचा काळ. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले पात्र ठरवायचे असते. नाव काय, कुठून आले, काय काम येते, काय मिळवायचे आहे. हा लेख त्या एका निवडीबद्दल आहे.

पहिल्या वेळी जवळपास सगळ्यांनी इंग्रजी सिनेमातली नावे घेतली. कोणी कॅप्टन, कोणी पायलट, कोणी भाडोत्री सैनिक. एकाही पात्राला आईबाप नव्हते, गाव नव्हते, आडनाव नव्हते. आम्ही विचारले, असे का? उत्तर आले, “दादा, निदान तिथे तरी जात नको.”

हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका. मुलाखतीला गेल्यावर ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणजे नेमके काय विचारले जाते, हे या मुलांना पक्के माहीत आहे. खोली भाड्याने घेतानाही तोच अनुभव. ज्याला रोज आडनावाचे ओझे वाहावे लागते, त्याला रविवारचे चार तास ते खाली ठेवावेसे वाटले तर त्यात चूक काय? काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे, की ओझे खाली ठेवताना आपण स्वतःलाही घरीच ठेवून जातो का?

मराठी विज्ञानकथेत नावाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत विष्णू नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हेतू प्रामाणिक होता, त्याबद्दल आदरच आहे. पण फरक बघा. नारळीकरांना नाव लपवावे लागले, कारण नावामुळे जास्त गुण मिळण्याची भीती होती. आमची मुले नाव लपवतात, कारण नावामुळे गुण कमी होण्याची भीती आहे. नारळीकरांना बक्षीस मिळाल्यावर खरे नाव अभिमानाने सांगता आले. आमच्या मुलाचा कॅप्टन अ‍ॅलेक्स जिंकला, तर शेवटी तो कोणाचे नाव सांगणार?

आता खेळाच्या नियमांकडे या. अमेरिकेत १९७७ मध्ये मार्क मिलर यांनी ‘ट्रॅव्हलर’ नावाचा अंतराळातला खेळ काढला. त्यात पात्राचे सहा गुण असतात : ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शिक्षण आणि सहावा, सामाजिक दर्जा. प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे, बेरीज येईल तो गुण. सामाजिक दर्जा ११ किंवा १२ आला की पात्राला सरदारकीची पदवी मिळते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी फक्त ३ तशा आहेत. त्यानंतर पात्र नौदल, सैन्य, व्यापार अशा सेवेत भरती व्हायला जाते, तिथेही फासे. चार-चार वर्षांची नोकरी फाशांवर पुढे सरकते. खेळ सुरू होण्याआधीच पात्र मरूही शकते.

या नियमातला ‘सामाजिक दर्जा’ वाचून आमच्या एका कार्यकर्त्याला राग आला. आम्हाला मात्र हा नियम प्रामाणिक वाटतो. कारण तो उघड कबूल करतो, की जन्म हा निव्वळ फाशांचा खेळ आहे. कोणाच्या पोटी जन्मलो यात कसले पुण्य नाही आणि कसले पाप नाही. आपल्याकडे हजारो वर्षे नेमके उलटे शिकवले गेले : तुझा जन्म हे तुझ्याच मागच्या कर्माचे फळ आहे, तेव्हा गप्प बस. दुसरे म्हणजे, फासे सगळ्यांच्या हातात सारखे आहेत. आपल्या इतिहासात तेही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. पहिल्या महायुद्धाचा थोडा काळ सोडला, तर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ते दार बंदच होते. सुभेदार रामजींच्या समाजाला फासा टाकण्याचीच मनाई होती. ‘मेरिट’वर प्रवचन देणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

खरा वाद पेटला तो एका मुलीच्या पात्रावरून. ती फिटर ट्रेडची. आई ठेकेदाराकडे सफाईचे काम करते. दुसऱ्यांदा पात्रे ठरवताना तिने यानाची हवा-पाणी तंत्रज्ञ घेतली. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, टाक्या, फिल्टर, पंप, सगळे तिच्या ताब्यात. शेजारचा मुलगा भडकला. “तीनशे वर्षांनीही आपण घाणच काढायची का?”

प्रश्न झणझणीत आहे आणि तो विचारणारा आपलाच आहे. आम्हीही तो टाळणार नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी आणली. तरी गटारात उतरलेली माणसे मरतच राहिली. इतकी, की ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मृताच्या कुटुंबाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली. मरणारी माणसे कोणत्या समाजाची असतात, हे सांगायची गरज नाही. मग मुलांनी स्वप्नातसुद्धा ते काम नाकारले तर ते बरोबरच आहे.

तरीही आम्ही त्या मुलीच्या बाजूने आहोत. कारण अंतराळात घाण नाहीशी होत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अंतराळवीरांचे मूत्र आणि घाम शुद्ध करून पुन्हा पिण्याचे पाणी बनवतात. २०२३ मध्ये नासाने ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचे सांगितले. तिथले शौचालय बिघडले तर अंतराळवीरच दुरुस्त करतात. त्यासाठी खालून कोणी ‘वेगळा माणूस’ येत नाही. तिथली साफसफाई सगळे मिळून करतात, त्यात डॉक्टरेट मिळवलेले शास्त्रज्ञही असतात. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हाच फरक मांडला होता : काम वाटून घेणे वेगळे आणि जन्मावरून माणसालाच कामाला बांधून टाकणे वेगळे. घाण कामात नाही. एका जातीच्या गळ्यात ते काम अडकवणाऱ्या डोक्यात आहे.

खेळात पुढे काय झाले? टाकी तुंबली. कॅप्टनने हुकूम सोडला, “उतर आत.” ती म्हणाली, “आधी गॅस तपास. परमिटवर तुझी सही. बाहेर एक माणूस उभा कर. नाहीतर यान इथेच थांबेल.” बंद टाकीत उतरण्याचे हे नियम तिने कारखान्यात शिकलेले आहेत. कारखान्यातल्या टाकीला जो नियम लागू होतो, तो रस्त्यावरच्या चेंबरला का लागू होत नाही, हा प्रश्न त्या टेबलावर कोणीही भाषण न देता सगळ्यांना कळला. भडकलेल्या त्याच मुलाने कॅप्टन म्हणून सही केली. पात्र निवडावे तर असे. पायलट की मिस्त्री, हा मुद्दाच नाही. त्या पात्राला ‘नाही’ म्हणता येते का, हा मुद्दा आहे.

‘भविष्यात जात नसेलच, मग तिचा विषय कशाला?’ असेही काही जण म्हणतात. नसावी, हेच आमचे ध्येय आहे. पण मग गोष्टीत सांगा, ती गेली कशी? कोणी घालवली? किती पिढ्या लढल्या? ‘आपोआप गेली’ ही सवर्णांची आवडती परीकथा आहे. ‘आता कुठे राहिलीय जात?’ या वाक्याचेच ते अंतराळातले रूप.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पात्राला आजा-पणजा द्या. त्यासाठी पिंपरीच पुरेशी आहे. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला जवळच देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तीनशे वर्षांनंतरच्या एखाद्या यानाच्या डॉक्टरचा पूर्वज त्या कारखान्यात कामगार होता आणि त्या दिवशी देहूरोडच्या गर्दीतही होता, असे लिहायला कोणाची परवानगी लागते? आणि हेही लक्षात ठेवा, आपले पात्र कायम पीडित नको, कायम संतही नको. ते लबाड व्यापारी असू दे, भित्रे असू दे, विनोदी असू दे. माणसाचे सगळे दोष असण्याचा हक्क हाही माणूसपणाचाच हक्क आहे.

हे काम कोणी केलेच नाही असे नाही. कोलकात्याच्या दलित लेखिका मिमी मंडल यांचे नाव २०१८ मध्ये विज्ञानकथेच्या ह्युगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होते. २०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या जगप्रसिद्ध खेळाच्या एका पुस्तकात त्यांनी लिहिलेला साहस-प्रसंग छापून आला. दार उघडले आहे.

आणि ज्यांना अजूनही हा पोरखेळ वाटतो, त्यांनी रोहित वेमुलाला आठवावे. १७ जानेवारी २०१६ रोजी मागे ठेवलेल्या पत्रात त्याने कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायची इच्छा लिहिली होती. ताऱ्यांवर प्रेम करणारा आमचा मुलगा या व्यवस्थेने जगू दिला नाही. आज अभ्यासिकेत फासे हातात घेऊन आमची मुले त्याच ताऱ्यांकडे निघाली आहेत. त्यांनी तिथे आपल्या नावाने जावे. पुढच्या रविवारी तुमच्या वस्तीतल्या मुलांनाही जमवा, कोरा कागद द्या आणि पहिला प्रश्न विचारा : तुझे पात्र कोणाचे नातवंड आहे?

जय भीम!