माणूस पडला, प्रश्न उरला

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीचा विषय निघाला की लातूर-नांदेडकडची मंडळी अजूनही एका माणसाविषयीच बोलतात. विधानसभेतील विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे यांनी १९९४ मध्ये संघर्ष यात्रा काढली आणि साऱ्या राज्याची निवडणूक मुंडे विरुद्ध शरद पवार अशी करून टाकली. वक्तृत्व अस्सल होते. सामान्य घरातला मराठवाड्याचा मुलगा बड्यांना जाब विचारतो, याचे लोकांना अप्रूप वाटले, आणि ते वाटणे गैर नव्हते. (सत्ताधाऱ्यांचे राजकारण तरी कुठे निराळे होते? नांदेडला चव्हाण, लातूरला देशमुख!) गैर झाले ते हे, की व्यवस्थेवरचा आरोप व्यक्तीपुरता उरला. काँग्रेस ८० जागांवर आली, युतीला १३८ मिळाल्या, मुंडे उपमुख्यमंत्री झाले. पवार गेले आणि फिर्याद जणू निकालात निघाली.

एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याची गर्जना झाली होती. मुंडे समितीच्या अहवालानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्दही झाला. पण जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने त्याच कंपनीशी नवा समझोता केला. आता जाब कोणी विचारावा? विचारणारे स्वतःच सत्तेत बसले होते.

लातूरच्या मतदाराने मात्र त्याच निवडणुकीत विलासराव देशमुखांना पाडले ते युतीसाठी नव्हे, तर जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांसाठी. लाटेतही स्वतःचे डोके शाबूत ठेवता येते, ते असे.

वाचकहो, माझ्या मते मराठवाड्याचा खरा विरोधी पक्षनेता कधी रथावर चढलाच नाही. गोविंदभाई श्रॉफ मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून अनुशेषाचे रूक्ष आकडे मांडत राहिले. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात तो अनुशेष मोजून दाखविला होता. सिंचन, रस्ते, शिक्षण यांत कोणता विभाग किती मागे, हे त्यात होते. त्यावर घोषणा रचता येत नाही. तरीही दीर्घ चिकाटीनंतर वैधानिक विकास मंडळ मिळाले, तेही १९९४ मध्येच, संघर्ष यात्रेच्याच वर्षी. यात्रा सर्वांना आठवते. मंडळ किती जणांना आठवते?

३० एप्रिल २०२० रोजी त्या मंडळाची मुदत संपली. टाळेबंदी होती, हे मान्य. पुढे टाळेबंदी उठली, नेत्यांच्या सभांना पुन्हा मैदाने भरली. मंडळासाठी आपल्या गावातून कितीजण रस्त्यावर आले, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.