‘आज काय करायचं?’

जगातला सगळ्यात अवघड प्रश्न कुठला? ‘लग्न कधी करताय?’ हा नाही. ‘गुड न्यूज कधी देताय?’ हासुद्धा नाही, त्याला आपण हसून टांग मारू शकतो. सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे रात्री साडेआठ वाजता एका दमलेल्या माणसाने दुसऱ्या दमलेल्या माणसाला विचारलेला, ‘आज काय करायचं?’

या प्रश्नाची तीन ठरलेली उत्तरं असतात. एक, ‘काहीही चालेल.’ दोन, ‘तूच सांग ना.’ आणि तीन, दोघांनी सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये डोकं घालणं. त्यात पाऊण तास जातो, भूक मरते आणि शेवटी तीच नेहमीची पनीरची भाजी आणि चार बटर रोटी येतात. तुमच्याकडेही हेच होतं ना? मग मंडळी, आजचा कॉलम तुमच्यासाठीच आहे.

मला वाटतं, आपला लोच्या स्वयंपाकाचा नाहीच. यूट्यूब बघून बिर्याणी करणारी आपली पिढी आहे. लोच्या आहे तो ठरवण्याचा. कुकर लावायला दोन मिनिटं लागतात, पण कुकरमध्ये काय लावायचं हे ठरवायला दोन माणसांचं आख्खं शहाणपण खर्ची पडतं. आणि त्यातही एक गोम आहे. ‘काय करायचं’ याचं उत्तर जो देतो, त्याच्याच गळ्यात ते करणं पडतं. घरात मूगडाळ आहे का, टोमॅटो संपलेत का, कालचा भात उरलाय का, हे सगळं ज्याच्या डोक्यात असतं तोच खरा स्वयंपाक करत असतो. दुसरा नुसता कांदा चिरून देतो आणि वर म्हणतो, ‘मी मदत करतो की!’

घरीच असतेस ना?

आमच्या घरी हे डोकं माझं होतं. कारण मी फ्रीलान्सर. म्हणजे नवरा सकाळी हिंजवडीच्या बसमध्ये चढतो आणि मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडते. मी दिवसभरात दोन मुलाखती, एक लेख आणि अडकलेल्या पेमेंटसाठी चार फोन, एवढं उरकलेलं असतं. तरी आल्या आल्या वाक्य ठरलेलं, ‘अगं, तू घरीच असतेस ना, काहीतरी टाकायचंस की.’ काहीतरी टाकायचं! जसं काही वॉशिंग मशीनमध्ये कपडेच टाकायचेत.

बरं, हे आमच्याच घरातलं भांडण नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये केलेल्या टाइम यूज सर्व्हेनुसार घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा सरासरी वेळ होता २८९ मिनिटं. पुरुषांचा? ८८ मिनिटं. आणि ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्यांची. जे लावतच नाहीत, ते या हिशोबात धरलेलेच नाहीत.

भांडून काही होत नव्हतं, म्हणून मी एके रविवारी कागद-पेन घेऊन बसले. आधी पैशांचा हिशोब. बाहेरून मागवलं की दोघांचे साधारण ४०० रुपये. घरचं पिठलं-भात आमच्या वाण्याच्या भावाने ४० रुपयांच्या आत. एका जेवणामागे ३६० रुपयांचा फरक. आठवड्यातून फक्त तीनदा घरी केलं, तर आठवड्याला १,०८० रुपये आणि वर्षाला ५६ हजारांच्या वर! ज्या घरात एक पगार एक तारखेला येतो आणि दुसरा ‘पुढच्या महिन्यात नक्की’ या आश्वासनावर चालतो, तिथे हा आकडा साधा नाही. तो आकडा नवऱ्याला दाखवला. पहिल्यांदाच त्याने मोबाइल बाजूला ठेवला.

वार वाटून घ्या

आमचा फंडा सिंपल आहे. कामं वाटायची नाहीत, वार वाटायचे. सोमवार-गुरुवार माझे, मंगळवार-शुक्रवार त्याचे. बुधवार उरलंसुरलं संपवण्याचा. शनिवार-रविवार मोकळे, मागवा, बाहेर जा, नाहीतर आईकडे जा.

ज्याचा वार, त्याने ठरवायचं, त्याने सामान बघायचं आणि त्यानेच करायचं. दुसऱ्याने भांडी घासायची आणि कॉमेंट करायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात कठीण. शिवाय ‘अगं, मूगडाळ कुठल्या डब्यात आहे?’ असं विचारायला बंदी. त्यासाठी आम्ही सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. चिठ्ठ्या चिकटवताना आमच्याकडे रव्याचे तीन डबे निघाले, ते सोडा.

डब्यांत काय असावं? फार नाही. तांदूळ, मूगडाळ, बेसन, मटकी, शेंगदाण्याचं कूट, गोडा मसाला, गूळ, आमसुलं. टोपलीत कांदे, बटाटे, लसूण. फ्रीजमध्ये अंडी, दही, मिरच्या आणि कोथिंबीर. एवढ्यावर पाच दिवस आरामात निघतात.

मापासाठी वजनकाटा नको. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं, तेव्हापासून मराठी घरांनी वाटी-चमच्याच्या मापावर संसार केलाय. आपणही तेच करू. फक्त एक वाटी पक्की करा. आमची १५० मिलीची आहे. पाककृती चौघांच्या असतात आणि आपण दोघंच, तिथेच सगळं चुकतं. म्हणून खालची मापं दोघांपुरतीच आहेत.

पिठलं-भात, २५ मिनिटं

एक वाटी तांदूळ धुऊन दोन वाट्या पाण्यात कुकरला लावा, तीन शिट्ट्या. तोवर पाऊण वाटी बेसन सव्वादोन वाट्या गार पाण्यात कालवा. गार हं! बेसन आधी गार पाण्यात नीट मोडलं की गुठळ्यांचं टेन्शन नाही. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, दोन मिरच्या. कांदा परतून घ्या, मग कालवलेलं बेसन ओता, मीठ घाला आणि ढवळत राहा. घट्ट व्हायला लागलं की झाकण ठेवून बारीक आचेवर पाच-सहा मिनिटं वाफ काढा. कच्चट वास गेला म्हणजे झालं. कुकर पडेपर्यंत पिठलं तयार. भाकरी आणलीत तर पाणी थोडं कमी घाला, पिठलं घट्ट होईल.

मुगाची खिचडी, अर्धा तास

पाऊण वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन्ही धुऊन घ्या. कुकरमध्येच फोडणी करा, त्यात कांदा, बटाट्याच्या फोडी, हळद, अर्धा चमचा गोडा मसाला. डाळ-तांदूळ परता, चार वाट्या गरम पाणी घाला, आसट हवी तर पाच. चार शिट्ट्या. वरून तूप, बाजूला पापड आणि लोणचं. या अर्ध्या तासातली तुमची मेहनत दहा मिनिटांची. बाकी वेळ कुकर काम करतो आणि तुम्ही अंघोळ करता.

आणि ‘खिचडी म्हणजे आजाऱ्याचं जेवण’ म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकाच. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात असतं. दोघं एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून काढतात. जोडप्यांनी काही शिकावं तर ते खिचडीकडून.

मटकी, एक काम दोन जेवणं

हिला थोडं प्लॅनिंग लागतं, पण मेहनत शून्य. शनिवारी रात्री एक वाटी मटकी भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सोमवारी मोड तयार. फोडणीत कांदा, मटकी, तिखट, गोडा मसाला, दोन वाट्या पाणी, एक आमसूल, चिमूटभर गूळ. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं. सोमवारी गरम पावाबरोबर उसळ. उरलेली लगेच फ्रीजमध्ये. बुधवारी तीच खळखळून गरम करा, रस्सा वाढवा, वर फरसाण, कांदा, लिंबू. झाली मिसळ! पुणेकरांनी माप काढू नये, घरची आहे.

गुरुवारी माझी अंडा भुर्जी असते. चार अंडी, दोन कांदे, एक टोमॅटो, पंधरा मिनिटं. शुक्रवारी नवऱ्याचा बटाट्याचा रस्सा, दाटपणासाठी दोन चमचे दाण्याचं कूट.

एक सूचना मात्र सीरियसली घ्या. भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात, त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. थाळीत पसरून पटकन गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात.

मंगळवार कुणाचा?

तर आमचे मंगळवार पिठल्याचे. पहिल्या मंगळवारी पिठल्यात लाडवाएवढ्या गुठळ्या होत्या. मी नियम पाळला, गप्प बसून जेवले. तिसऱ्या मंगळवारी गुठळ्या गेल्या. आता लसूण किती ठेचायचा यावर त्याची स्वतःची मतं आहेत आणि मतं आली की समजावं, माणूस स्वयंपाकघरात रुळला.

खरी परीक्षा गेल्या महिन्यात झाली. साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. मंगळवारी नवऱ्याने बेसनाचा डबा काढला, तशा त्या लगबगीने उठल्या. ‘अरे, दमून आलायस, सर तू. मी करते.’ मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही सुनेला सांगायची गरज नाही. माझे हात आपोआप ओट्याकडे निघाले होते. तेवढ्यात नवरा म्हणाला, ‘आई, मंगळवार माझा आहे. तू बस.’

सासूबाई बसल्या. पिठलं दोनदा वाढून घेतलं. म्हणाल्या, ‘मीठ जरा कमी पडलंय.’ थोड्या वेळाने हळूच मला म्हणाल्या, ‘ह्याच्या बाबांनी कधी चहासुद्धा केला नाही गं.’ तक्रार नव्हती ती. मला काय बोलावं ते सुचलं नाही, मी त्यांना आणखी थोडा भात वाढला.

आमच्याकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. क्वार्टर एंडला त्याचे मंगळवार बुडतात, डेडलाइनला माझे गुरुवार. तेव्हा मागवतो, खुशाल मागवतो. पण आता ‘आज तुझा वार आहे, तू मागव’ एवढ्यावर काम भागतं. साडेआठचं भांडण गेलं आणि तो पाऊण तास आम्हाला परत मिळाला. त्यात आम्ही चक्क बोलतो!

तेव्हा या रविवारी एवढंच करा. एक कागद घ्या, पाच वार लिहा, प्रत्येक वारापुढे एकाचं नाव लिहा आणि तो फ्रीजवर लावा. कोण काय शिजवणार हे नंतर बघू. आणि हो, रव्याचे डबे मोजून बघा.