खुराड्यात शेगडी नको

संपादक महाशय,

थंडीत कोंबड्यांचे खुराडे गोणपाटांनी चहूबाजूंनी बंद करून आत शेगडी ठेवण्याची जी शिफारस गतांकातील पत्रलेखकांनी केली आहे, ती सद्हेतूची असली तरी घातक आहे. ज्या पक्ष्याच्या देहाचे उष्णतामान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि जो पिसे फुलवून त्यांत उबदार हवा धरून ठेवतो, त्याला निफाडच्या कडाक्यातही कोरड्या थंडीपेक्षा कोंडलेली ओल व विष्ठेतून उठणारा अमोनिया अधिक बाधतो. धूर आणि आगीचे भय निराळेच. तेव्हा वाऱ्याची बाजू झाकावी, परंतु छपराखालची फट मोकळी ठेवावी. भाताचे कोरडे तूस चार बोटे पसरून भिजलेले तत्काळ बदलावे आणि सायंकाळी मूठभर मका टाकावा. लहान पिलांसाठी मात्र स्वतंत्र, निर्धूर उबेची तजवीज अवश्य करावी. शेगडीचा सल्ला कोणीही अमलात आणू नये, ही विनंती.

आपला,
एक कुक्कुटपालक