जैतापूरच्या कचऱ्याचं टाइमटेबल कोण ठरवणार?

रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या माडबनला अणुवीज प्रकल्प येणार, हे तुम्ही शाळेत असल्यापासून ऐकत असाल. फ्रेंच बनावटीच्या सहा 'ईपीआर' अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॅट, एकूण ९,९०० मेगावॅट. भट्ट्यांचं काम अजून सुरू झालेलं नाही. पण २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुऊर्जेचं लक्ष्य जाहीर झालं आणि देशाची आजची क्षमता आहे ९ गिगावॅटच्या आसपास. म्हणजे पुढची वीस-बावीस वर्षं घाईची असणार.

भूकंप, मासेमारी, हापूस यावर कोकणात भरपूर बोलून झालंय. भट्टीतून निघालेला किरणोत्सारी कचरा आणि आयुष्य संपलेली भट्टी साफ कशी करायची, यावर फार कमी. आणि घाईचा सर्वात मोठा फटका याच कामाला बसतो.

अमेरिकेतलं उदाहरण बघा. न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत अण्वस्त्रांच्या कामातला जुना कचरा ड्रममध्ये भरून जमिनीवर ठेवलेला होता. २०११ मध्ये मोठा वणवा प्रयोगशाळेपर्यंत आला आणि सगळे हादरले. मग ठरलं, की ३० जून २०१४ च्या आत हे ड्रम हलवायचे. भीती रास्तच होती. पण कामाच्या ओघात एक 'छोटा' बदल झाला. ड्रममधला ओलावा शोषायला मांजराच्या ट्रेमध्ये टाकतात ते कॅट लिटर वापरायचे. मातीपासून बनलेल्या लिटरऐवजी गव्हापासून बनलेलं लिटर आलं. कचऱ्यात नायट्रेटचे क्षार होते. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की मिश्रण आतून तापू शकतं. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री, जमिनीखाली सुमारे ६५० मीटरवर, मिठाच्या थरात खोदलेल्या भांडारात एक ड्रम फुटला. भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. डेडलाइन तर हुकलीच.

ॲपमध्ये बग राहिला तर पुढच्या अपडेटमध्ये निघतो. बंद केलेल्या ड्रमला अपडेट नसतो.

म्हणून अशा कामाच्या आराखड्यात तारखांइतकेच थांबे महत्त्वाचे: इथे तपासणी झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, सामान बदललं तर रसायनतज्ज्ञाची सही लागेल, आणि शंका आली तर साधा कंत्राटी कामगारही काम थांबवू शकेल, त्याची रोजी न जाता. कागदावर हे सगळीकडे असतं. तारीख जवळ आली की खरं कळतं.

जपानच्या फुकुशिमात अंदाजे ८८० टन वितळलेलं इंधन काढायचंय. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिला कण काढायला घेतला, तर उपकरण ढकलायचे पाइप चुकीच्या क्रमाने लावलेले निघाले. आधीच काही वर्षं उशीर झालेला, तरी त्यांनी काम थांबवलं. नोव्हेंबरमध्ये एक ग्रॅमहून हलका तुकडा बाहेर आला. बातम्यांमध्ये याची नाचक्की झाली; माझ्या मते तेव्हा थांबणं हाच बरोबर निर्णय होता.

आता आपल्याकडे. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते आणि तिथे तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत कोंडण्याचं तंत्रही वापरात आहे. तंत्रज्ञानात आपण मागे नाही. पण 'कॅग'ने २०१२ च्या अहवालात नोंदवलं, की नियामक मंडळाची नियमपुस्तिका निघून १३ वर्षं झाली तरी देशातल्या एकाही अणुवीज केंद्राकडे भट्टी मोडीत काढण्याचा आराखडा नव्हता. तीस वर्षं चाललेल्या केंद्रांकडेही नाही. त्यासाठी बाजूला पडणारी रक्कम होती प्रति युनिट २ पैसे.

हाच दर धरून हिशोब करा. जैतापूर ८० टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला साधारण ६,९४० कोटी युनिट वीज, म्हणजे सुमारे १३९ कोटी रुपये. एवढ्यात सहा अजस्र भट्ट्या साफ होणार का, काम किती वर्षं चालणार आणि ते थांबवायचा अधिकार कोणाला, हे माडबन-नाट्यातल्या लोकांनी पहिलं काँक्रीट पडायच्या आधी लेखी मागायला हवं.