टायर मोठो होयो काय बरो होयो?

टायर हा विषय आपल्याकडे दोनच वेळा निघतो. एकदा पंक्चर झाल्यावर आणि एकदा गाडीचा 'लूक' वाढवायचा असेल तेव्हा. मधल्या काळात ते चार गोल काळे प्राणी निमूटपणे आपलं, आपल्या बायकापोरांचं आणि डिकीतल्या फरसाणाचं ओझं वाहत असतात. त्यांच्या अंगावर काय लिहिलंय हे वाचायला कुणाला वेळ आहे? मोबाईल घेताना आपण रॅमपासून पिक्सेलपर्यंत सगळं पाठ करतो. टायर घेताना मात्र प्रश्न एकच, 'केवढ्याला?'

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा एक मित्र. नोकरी हिंजवडीत, मूळ घर कुणकेश्वरला. देवळापासून हाकेच्या अंतरावर, मागे हापूसची कलमं, पुढे समुद्र. या मित्राने डबल-कॅब पिकअप घेतली. मग पुण्यातल्याच एका हौशी माणसाकडून एक सेकंडहँड फायबरची होडी घेतली, ट्रेलरसकट. प्लॅन भन्नाट होता. मे महिन्यात होडी ओढत कुणकेश्वरला न्यायची, चार दिवस खाडीत मजा करायची आणि येताना हौद्यात आंब्याच्या पेट्या, मागे होडी, आत आई-बाबा असा सगळा लवाजमा घेऊन फोंडाघाट चढून पुण्याला परत. त्याआधी टायर बदलायचे. 'ओढायचंय म्हटल्यावर टायर मोठेच हवेत ना, बॉस?'

इथेच सगळा घोळ आहे. तुमच्याकडे पिकअप नसेल, साधी एसयूव्ही असेल, तरी पुढचं वाचा. गणित तेच आहे.

आधी टायर वाचा

टायरवर लिहिलेलं असतं, २६५/६५ आर १७, ११२ एस. मोठ्या पिकअपवर हा साइज सहज सापडतो. २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं.

खरी गंमत शेवटच्या आकड्यात आहे. ११२ हा लोड इंडेक्स. तो किलो नाही, कोड आहे. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, १०७ म्हणजे ९७५, १०० म्हणजे ८०० आणि ७९ म्हणजे ४३७. त्यापुढचं अक्षर कमाल वेगाचं. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटर. नांदगाव ते फोंडा या पट्ट्यात त्या अक्षराची चिंता करायची गरज नाही. पण इंडेक्सची जरूर करा.

मालवाहू टायरवर एलटी किंवा 'सी' असं लिहिलेलं असतं. त्यांची भिंत जाड, हवा जास्त आणि वजन पेलायची ताकदही जास्त. राइड थोडी कडक लागते, पण ओझं नेताना कडक भिंतच कामाला येते. मऊ भिंतीचा टायर ओझ्याखाली डोलतो, आणि मागे ट्रेलर असेल तर तो डोल ट्रेलरलाही लागतो.

मोठ्या टायरचा फंडा

मित्राला दुकानात दोन ऑप्शन दाखवले गेले. पहिला, २८५/७० आर १७. जाडजूड, उंच, एकदम हिरो. आता कॅल्क्युलेटर काढा. मूळ टायरचा व्यास साधारण ७७६ मिलिमीटर, या नव्याचा ८३१. म्हणजे सात टक्के जास्त. जमिनीपासूनची उंची वाढली जेमतेम २७ मिलिमीटर. बदल्यात गेलं काय?

चाक मोठं झालं की गिअर आपोआप 'लांब' होतो. तेवढ्याच इंजिनकडून रस्त्यावर मिळणारी ओढ साडेसहा टक्क्यांनी कमी होते. फोंडाघाट चढताना गाडी दमते, खालचा गिअर लवकर मागते. उतरताना तर दुहेरी फटका. इंजिनचं ब्रेकिंग तेवढंच कमी, आणि पायाच्या ब्रेकचा रस्त्यावरचा जोरही तेवढाच कमी, कारण ब्रेकची तबकडी तीच आणि चाक मोठं. वर स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ने पळत असते. रिकाम्या गाडीत हे सगळं खपून जातं. मागे एक टन होडी असताना नाही.

दुसरा ऑप्शन शहरी मंडळींचा लाडका. रिम मोठं, टायर बारीक. २६५/५० आर २०. व्यास ७७३, म्हणजे मूळ टायरइतकाच. गिअरचं टेन्शन नाही, स्पीडोमीटर खरं बोलतो. मग अडचण काय? त्या टायरवर लोड इंडेक्स होता १०७. एका टायरमागे १४५ किलो गेले, मागच्या दोन टायरांचे मिळून २९०. दिसायला मोठं रिम, पेलायला छोटा टायर. शिवाय भिंत बुटकी, त्यामुळे जांभ्याच्या कडेवर किंवा खड्ड्यात आपटला की रिमच वाकायची.

तर मित्रहो, ओढायचं असेल तेव्हा टायर 'मोठा' नको. कंपनीने दिलेल्या व्यासाचा, कंपनीने दिलेल्या किंवा त्याहून जास्त लोड इंडेक्सचा हवा. इतकं साधं आहे.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे टायर घालून हौस भागेल, पण अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालायची वेळ आली तर ती हौस महागात पडू शकते. ट्रेलरसुद्धा कायद्याच्या नजरेत वाहनच आहे, त्याचीही नोंदणी लागते.

हुकावरचं गणित

मागे ट्रेलर लावला की त्याचं सगळं वजन ट्रेलरच्या चाकांवर जात नाही. साधारण दहा टक्के वजन हुकावर यायलाच हवं, नाहीतर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो. होडी आणि ट्रेलर मिळून १००० किलो धरले, तर हुकावर १०० किलो.

हे १०० किलो मागच्या चाकांच्याही मागे लटकतात. हूक चाकापासून १.२ मीटर मागे आणि दोन चाकांतलं अंतर तीन मीटर धरा. मागच्या चाकांवर भार वाढतो १४० किलो, आणि पुढची चाकं ४० किलोने हलकी होतात. लहानपणचा सी-सॉ आठवा. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, आणि नेमकं वळणावर.

आता आंबे. एक हापूस पाव किलोचा धरला, तर पाच डझनाच्या पेटीत १५ किलो आंबा. लाकूड आणि गवत धरून पेटी वीस किलोच्या घरात. पंचवीस पेट्या म्हणजे ५०० किलो. पाच माणसं ३५० किलो. हुकावरचे १००. बेरीज ९५०.

मग मित्राला मॅन्युअल उघडायला लावलं. गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरतं ते आपल्या हातातलं वजन. माणसं, पेट्या, हुकावरचा भार, सगळं त्यातच. डबल-कॅबच्या बाबतीत हा आकडा गाडीच्या आकाराकडे बघून वाटतो त्यापेक्षा बराच छोटा असतो. मित्राचाही निघाला, ९५० च्या आसपासही नाही. टायर कितीही भक्कम घातले तरी तो वाढत नाही, कारण पाटे, अॅक्सल आणि ब्रेक तेच राहतात. मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढायचा आकडा दिलेला नसेल, तर ओढायचंच नाही. 'लिहिलेलं नाही म्हणजे चालतं' हा अर्थ लावू नका.

खरा अशक्त गडी

एवढं सगळं झाल्यावर आम्ही सहज ट्रेलरकडे गेलो. पिकअपच्या टायरवर इतका काथ्याकूट, आणि ट्रेलरच्या दोन टायरांकडे कुणी बघितलंच नव्हतं! छोट्या कारवर असतात तसे, १५५/८० आर १३, लोड इंडेक्स ७९.

करा हिशोब. १००० मधले १०० हुकावर, उरले ९०० दोन टायरांवर. टायरांची ताकद ४३७ गुणिले दोन, म्हणजे ८७४. घरातून निघायच्या आधीच ओव्हरलोड! आणि हे नव्या टायरचे, पूर्ण हवेचे आकडे. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. वर्षातले अकरा महिने एका जागी उभे, उन्हात. नक्षी नवीकोरी दिसते आणि भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २२१४ म्हणजे २०१४ सालचा बाविसावा आठवडा. आमच्या ट्रेलरवर नेमकं हेच होतं. एखादा टायर घाटातल्या उतारावर फुटला असता, तर एक टन होडीने पिकअपला आणि आतल्या आई-बाबांना कुठे ओढलं असतं, हे लिहायची गरज नाही.

त्याच रिमवर बसणारे, ९४ लोड इंडेक्सचे मालवाहू टायर घ्यायचं ठरलं. एकाला ६७० किलो, दोघांना १३४०. पिकअपचे टायर आहेत तेच ठेवले. खर्च मूळ बजेटच्या पाव हिश्शातही भागला.

हवा आणि खारं पाणी

लोड इंडेक्सचे किलो पूर्ण हवा असेल तेव्हाच खरे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापलेला टायर फुटतो. दाराच्या कडेवर स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे हवेचे आकडे वेगळे दिलेले असतात. ओढताना भरलेल्याचा आकडा पाळायचा. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. दोन तास चालवून थांबलात तर प्रेशर चार-पाच पाऊंड वाढलेलं दिसेल. ते वाढणारच. तिथे हवा सोडू नका.

नायट्रोजनचं काय? साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. परवडत असेल तर भरा, पण दर पंधरवड्याला प्रेशर बघण्याला तो पर्याय नाही.

आणि कोकणासाठी खास टिप. होडी पाण्यात सोडताना ट्रेलरची चाकं खाऱ्या पाण्यात जातात. लांबून आल्यावर बेअरिंग तापलेलं असतं. तसंच पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत खेचलं जातं. आधी अर्धा-पाऊण तास थांबा, चहा घ्या, मग उतरा. नंतर गोड्या पाण्याने धुवा.

तिठ्यावरचा शहाणपणा

मे महिन्यात मी पण सोबत होतो. नांदगाव तिठ्याजवळ हवा बघायला थांबलो. टायरवाल्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मित्राला विचारलं, टायर बदलले नाहीत का? तो म्हणाला, मोठे घालणार होतो, पण राहिलं. काका हसले. 'बरा झाला. तुमका टायर मोठो होयो काय बरो होयो? वजन घेवन घाट उतरूचो आसा, फोटो काढूचो नाय.'

लोड इंडेक्सचा अख्खा तक्ता दोन वाक्यांत! आंब्याच्या सीझनमध्ये रोज रात्री पेट्या भरलेल्या पिकअप ज्यांच्यासमोरून वाशीकडे जातात, त्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

येताना पेट्या आमच्या हौद्यात नव्हत्याच. मित्राच्या बाबांनी दरवर्षीप्रमाणे त्या आंब्याच्या ट्रान्सपोर्टला दिल्या. आई-बाबा आत, होडी मागे, घाटात दुसरा गिअर, वेग चाळीसच्या आत. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वळणाच्या पुढे जागा करून द्यायची आणि आपण आपलं चालत राहायचं. पेट्या आमच्या आधी पुण्यात पोचल्या, हे वेगळं सांगायला नको.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी

• व्यास कंपनीचाच ठेवा. लोड इंडेक्स कंपनीइतका किंवा जास्त.
• काट्यावर जा. एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन वजन करा. शंभर-दोनशे रुपयांत सगळे अंदाज संपतात.
• ट्रेलरच्या टायरांचं साल, चिरा आणि इंडेक्स बघा. ट्रेलरची स्टेपनीसुद्धा.
• नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर टायर कायद्यानेही बाद. ओझं ओढायचं असेल तर तिथवर थांबूच नका.
• ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

बाकी लूकचं म्हणाल, तर घाट उतरून, होडी शाबूत घेऊन, कुणकेश्वरच्या देवळासमोर उभी राहिलेली धुळकट गाडी कुठल्याही रिमवर छानच दिसते.