ओ, यू, जी, एच आणि आई

इंग्रजीतली ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ओळीने आली, तर उच्चार काय करायचा? 'टफ' म्हणजे कठीण, तिथे ती 'अफ' होतात. खोकल्याच्या 'कॉफ'मध्ये 'ऑफ'. 'दो' म्हणजे जरी, तिथे नुसता 'ओ'. 'थ्रू'मध्ये 'ऊ'. नांगराच्या 'प्लाऊ'मध्ये 'आऊ' आणि विचाराच्या 'थॉट'मध्ये 'ऑ'. अक्षरं तीच चार, उच्चार मात्र सहा! आणि हे सगळं पोरांनी डिक्टेशनला बिनचूक लिहायचं, आईने पोळ्या लाटता लाटता ते तपासायचं.

आता आई कोण? महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आज चाळिशीच्या आसपास असलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या कितीतरी आयांनी ए-बी-सी-डी गिरवली ती दहाव्या वर्षी. त्यांची मुलं मात्र ज्युनियर केजीपासून इंग्रजीत. मग कधीतरी ते वाक्य येतंच, 'मम्मी, राहू दे, तुला नाही कळत.' पोर सहज बोलून जातं, पण आई त्या दिवसापासून अभ्यासाच्या टेबलावरून उठते. वही क्लासच्या बाईंकडे जाते आणि आईकडे उरतो डबा. मला वाईट वाटतं ते याचं. चार अक्षरांपायी एवढी मोठी जागा सोडायची?

मैत्रिणींनो, यात खोट आपल्या डोक्यात नाही, मुलांच्याही नाही. ती त्या स्पेलिंगांच्या इतिहासात आहे. हे जी-एच एके काळी खरंच उच्चारलं जायचं, घशातून, आपल्या 'ख'च्या जवळपास. जर्मन माणूस रात्रीला अजून 'नाख्ट' म्हणतो. इंग्रजीत त्याचं 'नाइट' झालं, जी-एच मात्र लिहायचं राहिलं. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छापलेली स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, पण लोकांची जीभ थोडीच थांबते? पुढची दोन-अडीचशे वर्षं उच्चार बदलतच राहिले. कुठे तो 'ख' गळाला, कुठे त्याचा 'फ' झाला. म्हणजे आज आपली मुलं पाठ करतात ते पाचेकशे वर्षांपूर्वीचे उच्चार!

त्यातलीच एक गंमत. मुलीला इंग्रजीत 'डॉटर' म्हणतात, त्यातही मुका जी-एच आहे. फारसीत मुलगी म्हणजे 'दुख्तर', संस्कृतात 'दुहिता'. हे तिन्ही शब्द एकाच मुळातून आलेले. म्हणजे त्या मुक्या जी-एचचं आपल्या 'दुहिते'तल्या 'ह'शी नातं आहे. हे आई सांगू शकते की! आणि असं सांगितलेलं स्पेलिंग पोर सहसा विसरत नाही.

बरं, अडखळतात ती फक्त आपली मुलं का? २००३ मध्ये युरोपातल्या वेगवेगळ्या भाषांमधल्या पहिलीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फिनिश, ग्रीक, इटालियन मुलं वर्षअखेरीला शंभरातले ९५च्या आसपास शब्द बरोबर वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं? ३४! इंग्रजी ज्यांची घरची भाषा, त्यांची ही गत. मग आपल्या पोराला वीसपैकी अकरा मिळाले म्हणून धपाटा कशाला?

मोठमोठ्यांनीही यापुढे हात टेकलेत. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सुटसुटीत स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला. त्यात 'दो' आणि 'थ्रू'मधलं जी-एच उडवलं होतं. वर्तमानपत्रांनी अशी टर उडवली, तिथल्या संसदेने असा विरोध केला, की त्याच वर्षी माघार घ्यावी लागली. आपण मराठीत मात्र १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट वाचवले. तरीही ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला छळतंच, आणि 'चमचा'तला 'च' वेगळा, 'चंद्रा'तला वेगळा, हे कुठे लिहिलेलं असतं? तेव्हा आपणही फार टेंभा मिरवायला नको.

मग करायचं काय? डाळ-तांदूळ निवडतो तसे हे शब्द निवडायचे. 'टफ, रफ, इनफ' एका वाटीत. 'थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट' दुसऱ्या वाटीत, या सगळ्यांच्या शेवटी टी असतो. उरलेले 'दो', 'थ्रू', 'कॉफ', 'प्लाऊ' हे एकांडे शिलेदार. ते फ्रिजवर चिकटवून ठेवायचे, येता-जाता नजरेखालून जातात. अडलं तर मुलासमोर खुशाल डिक्शनरी उघडायची. आईला सगळं येतं, हे मुलाला दिसण्यापेक्षा आई शोधून काढते हे दिसणं जास्त मोलाचं.

शाळांनाही एक सांगणं आहे. डिक्टेशन जरूर घ्या, पण चुकलेला शब्द दहादा लिहायला लावण्याआधी तो असा का लिहितात, ते एकदा सांगा. आणि ज्या मुलाची अक्षरं मेहनत करूनही सारखी उलटसुलट होतात, त्याला 'ढ' न म्हणता त्याची तपासणी करून घ्यायला सुचवा. तो डिस्लेक्सिया असू शकतो, आळस नव्हे.

आणि आयांनो, पोर पुन्हा 'तुला नाही कळत' म्हणालं, तर उठू नका. 'अरे, हे इंग्रजांनाही धड कळत नाही, चल, दोघं मिळून बघू,' असं म्हणा आणि खुर्ची जरा पुढे ओढा.